नटाच्या पाठीवरचे ओझे

अभिनय म्हणजे काय, असे प्रेक्षकाला विचारावे तर तो अश्रूंविषयी बोलतो. नट बहुधा कामाविषयी बोलतो. नाक-कान-घशाचे शल्यविशारद असलेल्या डॉ. श्रीराम लागू यांनी १९६९ साली व्यवसाय सोडून पूर्ण वेळ रंगभूमी पत्करली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले ‘लमाण’. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून एका गावचा माल दुसऱ्या गावी पोचविणारा, तो लमाण. नाटककाराचे ते प्रेक्षकाच्या पदरी घालावे, मधल्याने त्यावर मालकी सांगू नये. आम्हांला आधी हा निव्वळ विनय वाटला होता.

आमच्या बडोद्याने अशी एक खेप उतरताना पाहिली आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले आणि २० फेब्रुवारीस गंधर्व नाटक मंडळीने त्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग याच गावी केला. माल देणारा धनी उरला नव्हता. सुधाकर गणपतराव बोडसांचा. भरजरी शालूंसाठी ख्यात असलेले बालगंधर्व सिंधूसाठी ठिगळांचे लुगडे नेसले. प्रेक्षक आपले रूप पाहावयास येतात, हे त्यांना ठाऊक नव्हते काय?

पुढे आम्हां हौशी मंडळींनी गणेशोत्सवात याच नाटकातले दोन प्रवेश बसविले. सुधाकराचे काम आमच्या एका स्नेह्याकडे आले. त्याचे वडील दारूपायी गेलेले. (गुजरातेत दारूबंदी आहे खरी, ती कुठवर पोचते, हे वाचकांस आम्ही काय सांगावे!) तालमीत पेला उचलण्याची वेळ आली की त्याचा हात अडे. काम बदलून देऊ म्हटले, तर ऐकेना. एके रात्री तो म्हणाला, “मी गडकऱ्यांचा सुधाकर आणतच नाही, आमच्या घरचा आणतोय.” वडिलांची मनगट झटकण्याची लकब त्याच्या हातात नकळत उतरली होती. ती त्याने दहा-बारा तालमींत निपटून काढली आणि मग पेला सरळ ओठांशी गेला.

प्रयोगाला त्याच्या मातोश्री पहिल्या रांगेत होत्या. पडदा पडल्यावर त्या आत आल्या आणि मेजावरचा पेला उचलून त्यांनी वास घेतला.

“कोकम आहे गं, आई,” तो म्हणाला.

काही न बोलता त्यांनी पेला विसळावयास नेला.