विषमज्वराचे खरे औषध

पाकिस्तानच्या सिंध प्रांतातील हैदराबाद शहरात २०१६ च्या अखेरीस विषमज्वराची साथ उद्भवली. तिच्या जंतूंनी क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या जुन्या औषधांनाच नव्हे, तर सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन यांनाही दाद दिली नाही. हाती उरल्या त्या अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्या आणि शिरेतून द्यावयाची महागडी औषधे. गरिबाच्या घरात ही महागडी औषधे येणार कोठून?

ही आपत्ती अकस्मात आलेली नाही. १९४८ साली विषमज्वरावर क्लोरॅम्फेनिकॉल लागू पडले. १९७२ साली मेक्सिकोत आणि केरळातही त्याला न जुमानणारे जंतू आढळले. १९९० च्या सुमारास भारतात तिन्ही जुनी औषधे निकामी ठरू लागली, तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिन पुढे आले. पुढे तेही बोथट झाले. दर वेळी अधिक महाग औषध शोधावे आणि तेही वाया दवडावे, असा हा क्रम आहे.

दोष मात्र अर्धवट गोळ्या घेणाऱ्या रोग्याला दिला जातो. रोजंदारी बुडवून रक्ततपासणी करणे ज्याला परवडत नाही, तो दुकानदार देईल त्या गोळ्या घेतो. अशा उपचारात दुर्बल जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. विक्रीचा नफा खाजगी, आणि औषध निकामी झाल्याचा तोटा साऱ्या समाजाचा, असा हा व्यवहार आहे.

या रोगावरील नवी संयुग्मित लस आपल्या दक्षिणेतील हैदराबादेत तयार होते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली ती मुलांना टोचली. पाकिस्तानने २०१९ साली ती नित्याच्या लसीकरणात घेतली. भारतातील प्रत्येक बालकालाही ती मोफत मिळावयास हवी.

परंतु लस म्हणजे नळ नव्हे. विषमज्वर पसरतो तो मैला मिसळलेल्या पाण्यातून आणि अन्नातून. युरोप-अमेरिकेच्या शहरांतील विषमज्वराचे मृत्यू घटले ते गाळलेल्या व क्लोरीन घातलेल्या पाण्यामुळे, आणि तेही क्लोरॅम्फेनिकॉल येण्यापूर्वी. जो रोग होतच नाही, त्याला औषध लागत नाही; आणि न वापरलेले औषध निकामीही होत नाही. म्हणून वस्तीतील जलवाहिनी गटारापासून दूर नेणे, सरकारी दवाखान्यात विनामूल्य रक्ततपासणी ठेवणे, हा खर्च दयेचा नव्हे. तो औषधांच्या रक्षणाचाच खर्च आहे. अंदाजपत्रक मांडणाऱ्यांना हा हिशेब आज समजला नाही, तर उद्या तो श्रमिकांच्या मुलांना चुकता करावा लागेल.