लपविलेली बातमी व बुडालेलीं तळीं

धंद्याचें गुपित राखणें हा व्यापाऱ्याचा पहिला धर्म, असें आपल्याकडे लहानपणापासून शिकविलें जातें. कित्येक धंद्यांत ही रीत चालूनहि जाते. परंतु कांहीं धंदे असे आहेत कीं, त्यांत एकानें झांकलेली बातमी शेजाऱ्यास तर बुडवितेच, पण अखेर झांकणाऱ्यासहि सोडीत नाहीं. कोळंबी-संवर्धन हा त्यांपैकींच एक होय. आंध्र किनाऱ्यावर त्याची जी परीक्षा झाली, ती आमच्या वाचकांनीं, विशेषतः कोंकणांतील वाचकांनीं, नीट पाहावी.

१९९० नंतर त्या किनाऱ्यावर भातशेतें खणून कोळंबीचीं तळीं झालीं. परदेशीं मागणी मोठी, नफा झटपट. तेव्हां हातीं पैसा नसलेलाहि कर्ज काढून या धंद्यांत पडला. १९९४-९५ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला. हा विषाणु माणसास बाधत नाहीं. पण कोळंबीस त्यावर औषध नाहीं, आणि तो शिरला कीं थोड्याच दिवसांत तळ्याचें तळें मरतें. शिवाय सर्व तळ्यांचें पाणी एकाच खाडींतून वा कालव्यांतून येतें आणि तेथेंच परत जातें. ज्याच्या तळ्यांत रोग दिसे, तो कोणास न सांगतां पाणी कालव्यांत सोडी. आणि शेजारी तेंच पाणी आपल्या तळ्यांत घेई. रोग विषाणूचा खरा. परंतु त्यास घरोघर पोंचविलें तें मौनानें.

सरकार व न्यायासनें स्वस्थ बसलीं असें नाहीं. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें किनारपट्टींतील कोळंबीशेतीवर कडक निर्बंध घातले, आणि २००५ च्या कायद्यानें स्वतंत्र प्राधिकरणहि स्थापन झालें. पण कायदा तळ्याची नोंद करूं शकतो, शेजाऱ्याचें तोंड उघडूं शकत नाहीं. तें काम पश्चिम गोदावरी जिल्ह्यांतील मोगलतुर्रु गांवीं झालें. समुद्री उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाच्या साह्यानें तेथें २००२ सालीं पांच शेतकऱ्यांपासून आरंभ झाला; दोन वर्षांत सभासद शंभरावर गेले. त्यांचे नियम साधे होते. सर्वांनीं बीज एकत्र विकत घ्यावें व तें प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें; एकाच सुमारास तळ्यांत सोडावें; वेळोवेळीं एकत्र बसून प्रत्येकानें आपल्या तळ्याची हकीकत सांगावी; आणि रोग दिसल्यास तें पाणी निर्जंतुक केल्यावांचून बाहेर सोडूं नये. या अनुभवांतूनच पुढें २००७ सालीं अशा मंडळ्यांना साह्य करणारें राष्ट्रीय केंद्र निघालें.

यावर आक्षेप येईल कीं, जो प्रथम रोग सांगेल त्याचाच भाव पडेल. हा आक्षेप खोटा नाहीं. अडत्यास बातमी लागतांच तो त्या शेतकऱ्यास कोंडीत धरतो, हें आमचे व्यापारी वाचक आमच्याहून अधिक जाणतात. म्हणूनच मंडळीनें नुसता उपदेश करून भागणार नाहीं. प्रामाणिकपणें सांगणाऱ्याचा माल सर्वांनीं मिळून विकावा, व समाईक निधींतून त्याची कांहीं तूट भरावी. खरें बोलण्याचा दंड एकट्यास भरावा लागला, तर दुसरा कोणी खरें बोलणार नाहीं. आणि व्यापाऱ्यांसहि आम्ही विचारतों : आज एका शेतकऱ्यास नाडून चार पैसे मिळविले, पण उद्यां सगळा कालवाच रोगी झाल्यावर विकावयास माल कोठून आणणार?

आपल्या देशांत सहकाराचा कायदा १९०४ सालीं पतपेढ्यांसाठीं झाला. तेव्हांपासून सहकार म्हणजे कर्ज, अशीच समजूत रूढ झाली आहे. पतीइतकेंच बातमी हेंहि भांडवल आहे, आणि तें वांटल्यानें घटत नाहीं. पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत खाड्यांच्या कांठीं कोळंबीचीं तळीं आहेत. खारभूमीचा बांध एके ठिकाणीं फुटला तर खारें पाणी सर्वांच्या शेतांत शिरतें, हें कोंकणी शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. म्हणून बांध राखण्यास सारा गांव धांवतो. रोगाची बातमी दडवणें हेंहि बांधास भोंक पाडणेंच होय. ज्यांचें पाणी एक, त्यांनीं आपली बातमीहि एक करावी. आणि त्यासाठीं पुढचें संकट येण्याची वाट पाहूं नये.