गड पाहावा, गावात राहावे

जुलै २०२५ मध्ये ‘युनेस्को’ने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि त्यांत राजगडाचा समावेश झाला. त्यापूर्वी, २०२४ साली, वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला होता. गडाचा गौरव यथोचितच झाला. आता विचार व्हावयास हवा तो गडाखालच्या गावांचा.

वेल्हे व भोर हे तालुके पुण्याला इतके जवळ की, एका दिवसात जाऊन परत येता यावे. ही सोयच त्यांना बाधली आहे. रविवारी पहाटे निघालेला प्रवासी राजगड किंवा तोरणा चढतो आणि दिवेलागणीस परतीच्या वाटेला लागतो. शिदोरी बहुधा त्याने घरूनच आणलेली असते. गावाच्या पदरी पडते ते फार तर एखाद्या पिठले-भाकरीच्या ताटाचे मोल, आणि वाटेवर टाकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या.

वास्तविक हा मुलूख एका दिवसात उरकण्याचा नव्हेच. राजगडाच्या तीन माच्या व बालेकिल्ला पाहण्यातच दिवस मावळतो. दुसऱ्या दिवशी भोरचा पंतसचिवांचा राजवाडा, १९२८ साली पूर्ण झालेले भाटघर धरण, नसरापूरचे बनेश्वर आणि स्वराज्याच्या शपथेची परंपरा सांगणारे रायरेश्वराचे पठार ही स्थळे आहेतच. मधली रात्र गावात काढावी. शहरी झगमगाट तेथे नाही. पण चुलीवरची भाकरी आहे, मावळच्या तांदळाचा वाफाळता भात आहे, देवळातले भजन आहे आणि पावसाच्या तोंडाशी झाडाझाडांवर लुकलुकणारे काजवे आहेत.

जपानमध्ये ‘मिन्शुकु’ ही घरगुती निवासाची पद्धत चांगली रुजली आहे. एक कुटुंब पाहुण्यांना घरी उतरवून घेते आणि रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी देते. आपल्या कोकण किनाऱ्यावरही अशी सोय रुळली आहे. राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले. ते मावळच्या खोऱ्यांतील लहान शेतकऱ्याच्या ओसरीपर्यंत पोहोचले पाहिजे.

पाहुण्यांबरोबर मद्य आणि गोंगाटही येईल, ही गावकऱ्यांची भीती अनाठायी नाही. म्हणूनच नियम ग्रामसभेने ठरवावेत व ते मोडणाऱ्यास गावाने आवर घालावा. शासनाने स्वच्छतागृहे, कचऱ्याची व्यवस्था आणि एस.टी.च्या वेळेवर सुटणाऱ्या गाड्या एवढे पाहिले तरी पुष्कळ होईल. शाळांनीही आपल्या सहलींचा एक मुक्काम गावात ठेवावा. इतिहासाबरोबर भाताचे खाचरही विद्यार्थ्यांच्या दृष्टीस पडेल.

पानशेतचे पाणी पुण्याला गेले, भाटघरचे नीरेच्या कालव्यांवाटे बारामती-फलटणकडे गेले. त्या पाण्यामागोमाग या डोंगरांतले तरुणही पोटासाठी खाली उतरले. ज्यांच्या जमिनी बुडाल्या आणि ज्यांच्या पूर्वजांनी गड राखले, त्यांच्या घरी एक रात्र राहून योग्य दाम मोजणे हा काही उपकार नव्हे. ती जुन्या ऋणाची अल्पशी फेड आहे.