अस्वल सर्वांचे, मका एकट्याचा

अमेरिकेतील विस्कॉन्सिन हे दुग्धव्यवसायाचे राज्य म्हणून ओळखले जाते. गायींना मका हवा, म्हणून मैलोगणती मक्याची शेते. आणि राज्याच्या उत्तर भागात या शेतांना लागूनच अरण्य. ऑगस्टमध्ये कणसात दूध भरू लागले की या अरण्यातील काळी अस्वले शेतात उतरतात. अस्वल शेताच्या मधोमध बसकण मारते, हाताशी येतील ती ताटे ओढून कणसे खाते आणि पुढे सरकते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला पीक उभेच्या उभे दिसते. आत मात्र खळ्यासारखी गोल मैदाने पडलेली असतात. कापणीचे यंत्र शेतात शिरेपर्यंत कित्येकदा मालकालाही आपले किती गेले याचा अंदाज येत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाने येथे मेळघाटातील, वाळवी आणि मोहाची फुले खाणारे अस्वल डोळ्यांपुढे आणू नये. अमेरिकेतील काळे अस्वल ही निराळी जात. उत्तरेकडील कडक हिवाळ्याचे चार-पाच महिने ते अन्नपाण्यावाचून गुहेत काढते, आणि त्याची तरतूद म्हणून शरद ऋतूत दिवसाला वीस हजार उष्मांकांपर्यंत अन्न पोटात ढकलते. मादीच्या बाबतीत तर निसर्गाचा जमाखर्च फारच चोख आहे. उन्हाळ्यात समागम होतो, पण गर्भ हिवाळ्याच्या तोंडाशी रुजतो, आणि तोही अंगावर पुरेशी चरबी साठली असेल तरच. म्हणजे शेतकऱ्याचा मका नुसता खाल्ला जातो असे नाही. त्याच्या भांडवलावर पुढील वर्षीची पिलेही पोसली जातात. १९८९ साली विस्कॉन्सिनमध्ये सुमारे नऊ हजार अस्वले होती, आज ती वीस हजारांहून अधिक आहेत. ही सगळी वाढ मक्याची नव्हे. १९८६ पासून शिकारीवर आलेले परवान्यांचे नियंत्रण हे तिचे एक मोठे कारण आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७०च्या सुमारास जेमतेम शंभर अस्वले उरली होती. तेथे आता साडेचार हजारांहून अधिक आहेत.

या पुनरागमनाचा आनंद बॉस्टनच्या किंवा मिल्वॉकीच्या नागरिकाला व्हावा, हे योग्यच आहे. ज्या प्राण्याला एकेकाळी इनाम लावून मारले गेले तो पुन्हा अरण्यात हिंडू लागला, ही थोडी गोष्ट नव्हे. मात्र या आनंदाचा खर्च कोणाच्या खातेवहीत पडतो, हे विचारणे भूतदयेच्या विरुद्ध आहे असे समजण्याचे कारण नाही. अस्वल सर्वांचे आणि मका एकट्याचा, अशी ही विभागणी आहे. सहजीवन हा शब्द शहरात उच्चारायला सोपा जातो, तो या विभागणीकडे पाहिले जात नाही म्हणून.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे रोनाल्ड कोसची आठवण व्हावी. १९६० साली लिहिलेल्या ‘सामाजिक खर्चाचा प्रश्न’ या निबंधात कोसने मोकाट गुरे शेजाऱ्याचे पीक तुडवतात असे उदाहरण घेतले होते. वाटाघाटीला काही खर्च येत नसेल, तर कायद्याने भरपाईची जबाबदारी गुरे पाळणाऱ्यावर टाकली काय किंवा न टाकली काय, दोघे आपसांत सौदा करून साधनांचा सर्वांत फायदेशीर उपयोगच करतील, असे त्याचे प्रतिपादन. गुरांना धनी असतो, म्हणून सौदा संभवतो. अस्वलाला धनी कोण? अमेरिकेतील कायद्याची परंपरा सांगते की वन्य प्राणी जनतेचे, आणि राज्य त्यांचे विश्वस्त. पण हा विश्वस्त नुकसानीला जबाबदार नाही, असेही तेथील न्यायालये बहुधा सांगत आली आहेत. १९१७ साली न्यूयॉर्क राज्यात असा एक खटला गाजला. राज्याने संरक्षण दिलेल्या बीव्हर प्राण्यांनी एका जमीनमालकाची झाडे पाडली; त्याला भरपाई देण्याचे तेथील अपील न्यायालयाने नाकारले. मालकी जनतेची आणि तोटा शेजाऱ्याचा, असाच याचा व्यवहारातील अर्थ होतो.

विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने १९८३ साली वन्यप्राण्यांपासून होणाऱ्या शेतीनुकसानीसाठी जी योजना केली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. तिचा निधी मुख्यतः शिकारीच्या परवान्यांवरील अधिभारातून येतो. वन्य प्राण्यांपासून ज्याला सुख मिळते त्याच्याकडून घ्यावे आणि ज्याला तोटा होतो त्याला द्यावे, हे तत्त्व. भरपाई पूर्ण मिळत नाही. नुकसानीचा पहिला ठरावीक भाग शेतकऱ्यानेच सोसायचा असतो, आणि वर मर्यादाही असते. शिवाय दोन अटी आहेत. प्रतिबंधाचे सुचवलेले उपाय आधी योजले पाहिजेत, आणि सामान्यतः आपल्या जमिनीवर शिकाऱ्यांना येऊ दिले पाहिजे.

पहिली अट सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागेल. नुसती भरपाई देत राहिले तर राखण करण्याची इच्छा मंदावते, हे विम्याच्या व्यवहारात वारंवार दिसलेले आहे. आणि राखण तशी अवघडही नाही, निदान मधपेट्यांच्या बाबतीत. विजेच्या तारांचे तात्पुरते कुंपण हा तेथील अनुभवसिद्ध उपाय. अस्वलाच्या दाट केसांतून धक्का नीट पोचत नाही, म्हणून तारेवर खारवलेल्या मांसाची पट्टी किंवा शेंगदाण्याचे लोणी लावून ठेवतात. हुंगायला आलेले ओले नाक तारेला लागले की तो धडा सहसा विसरला जात नाही. पंचवीस मधपेट्यांभोवती असे कुंपण घालणे परवडते. तीनशे एकर मक्याभोवती घालणे परवडत नाही. तेथे मग पिंजरा लावून अस्वल पकडायचे आणि दूर नेऊन सोडायचे, असा क्रम दरवर्षी चालतो. पण या प्राण्याची घरची वाट शोधण्याची शक्ती विलक्षण आहे, आणि नव्या जागेच्या आसपास कोणाचा मका नसेलच, असेही नाही.

दुसऱ्या अटीविषयी मतभेद होणारच. शिकार हे क्रौर्य आहे असे मानणाऱ्यांची संख्या अमेरिकेतही लहान नाही. न्यूजर्सीत तेहतीस वर्षांच्या खंडानंतर २००३ साली अस्वलांची शिकार पुन्हा सुरू झाली. त्यानंतर ती कधी थांबवली गेली, कधी चालू केली गेली. २०२० नंतर ती बंद झाली आणि तक्रारी वाढल्यावर २०२२च्या डिसेंबरात परत सुरू झाली. शिकारीला विरोध करण्याचा अधिकार कोणालाही आहे. परंतु शिकारी हा या व्यवस्थेतील पैसे देणारा घटक आहे, आणि त्याला वगळायचे तर त्याच्या जागी कोण उभा राहणार, याचे उत्तर विरोधकांकडून क्वचितच ऐकू येते.

महाराष्ट्रात मनोरंजनासाठी शिकारीचा प्रश्नच उद्भवत नाही. कायद्याने ती बंद आहे, आणि ते बरेच आहे. पण जुन्नरच्या उसातील बिबट्या काय किंवा विदर्भातील पिकांत शिरणारे रानडुक्कर काय, हिशेब तोच आहे. येथे भरपाई पंचनाम्यानंतर सरकारी तिजोरीतून येते. तिजोरीत सर्वांचाच पैसा असतो, तेव्हा तत्त्वतः ही पद्धत अधिक न्याय्यही म्हणता येईल. मात्र पंचनाम्यासाठी खेटे घालण्यात मोडलेले दिवस आणि राखणीसाठी शेतात काढलेल्या रात्री यांचा मोबदला कोणत्याही तक्त्यात नसतो. प्रतिबंधावर आधी खर्च करावा आणि भरपाई मागून द्यावी, हा विस्कॉन्सिनचा क्रम शिकारीवाचूनही उचलता येण्याजोगा आहे.

खुद्द विस्कॉन्सिनमध्ये मात्र या योजनेचा पाया खचू लागला आहे. अस्वलाच्या शिकारीसाठी दरवर्षी एक लाखाहून अधिक अर्ज येतात आणि परवान्यासाठी काही विभागांत कित्येक वर्षे थांबावे लागते, हे खरे. पण निधीचा खरा भार हरणांच्या शिकाऱ्यांवर आहे, आणि तो वर्ग वयस्क होत चालला आहे; विसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्याची संख्या घटतच आली आहे. तरुण पिढी अरण्यात जाते ती छायाचित्रे काढायला आणि पायी हिंडायला. तिला अस्वल हवे आहे, कदाचित शिकाऱ्यापेक्षाही जास्त हवे आहे. पण या निधीसाठी तिच्याकडून कसलाही अधिभार घेतला जात नाही. अस्वले वाढत आहेत, मक्याचे क्षेत्र तेथेच आहे, आणि वर्गणीदार कमी होत आहेत. तेव्हा मिल्वॉकीच्या नागरिकापुढे अस्वलाची पावती ठेवण्याचा प्रसंग तेथील विधिमंडळाला फार काळ टाळता येईल असे दिसत नाही.