नाणेघाटातील रांजण आणि परदेशची जकात

मुरबाड तालुक्यातून नाणेघाट चढून गेले की माथ्यावर एक दगडी रांजण दृष्टीस पडतो. सातवाहनकाळी कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नरकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात या रांजणात जमा होत असे, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. ती खरी असेल तर त्या व्यापाऱ्याला एक मोठी सोय होती: जकात मागणारा समोर उभा असे आणि मालाला किती द्यावे लागेल हे जागेवरच कळत असे. आज त्याच डोंगराच्या पायथ्याशी बसून मोबाइलवरून परदेशी माल विकू पाहणाऱ्या तरुणास ही सोय उरलेली नाही. त्याचा जकातनाका सात समुद्रांपलीकडे आहे आणि तेथील दर केव्हा बदलतील याचा नेम नाही.

हा प्रश्न काल्पनिक नव्हे. शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांनी वनधन केंद्राच्या आधाराने गुळवेल गोळा करून विकण्याचा उद्योग उभारला आणि २०२१ साली त्यांच्याकडे मोठ्या औषधी कंपन्यांकडून १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी आल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. या उद्योगाने संकेतस्थळाचाही उपयोग केला. रानातील वेलीला देशात एवढी किंमत येते, तर परदेशातील ग्राहक थेट का मिळवू नये, असे कोणासही वाटणे साहजिक आहे. परंतु त्या वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वी २०२५ सालचा धडा ध्यानी घ्यावयास हवा.

अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलावर आयातशुल्क लागत नसे. २९ ऑगस्ट २०२५ रोजी ही सवलत सर्व देशांसाठी बंद झाली. त्याच्या दोनच दिवस आधी भारतीय मालावरील वाढीव शुल्क ५० टक्क्यांवर गेले होते. शुल्क कोणी व कसे गोळा करावयाचे याचा उलगडा न झाल्याने आपल्या टपालखात्याने २५ ऑगस्टपासून पत्रे, कागदपत्रे व १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू वगळून अमेरिकेची पार्सले घेणेच थांबविले. १५ ऑक्टोबरला ती सेवा पुन्हा सुरू झाली, ती जाहीर किमतीवर ५० टक्के शुल्क पाठविणाऱ्याकडूनच आधी घेऊन. त्यानंतरही अमेरिकेचे धोरण स्थिर राहिले नाही. युरोपीय संघाने तर १ जुलै २०२१ पासूनच लहानात लहान पार्सलावरही मूल्यवर्धित कर लागू केला आहे.

यातील हिशेब साधा, पण निष्ठुर आहे. समजा, २,००० रुपयांचा माल ५० टक्के शुल्काच्या देशी धाडला. १,००० रुपये शुल्काचे झाले, टपालखर्च निराळा. ही रक्कम विक्रेत्याने किमतीत धरली नाही आणि ती आधी भरलीही नाही, तर पार्सल दारात आल्यावर ती ग्राहकाकडे मागितली जाते. तो चिडून माल नाकारतो आणि जाण्यायेण्याचा भुर्दंड विक्रेत्याच्या गळ्यात पडतो.

म्हणून विकणाऱ्याने तीन गोष्टी आधी निश्चित कराव्यात. पहिली, मालाचा वर्ग. जगभर मालाला सहा अंकी संकेतांक असतो व त्यावर दर ठरतो. सुकी वा कुटलेली गुळवेल १२११ या शीर्षकात मोडते. तीच औषधी गोळी वा पूरक आहार म्हणून पुढे आली की वर्ग बदलतो आणि त्या देशाचे अन्न-औषधांचे कायदेही आडवे येतात. दुसरी, मालाचा मूळ देश व त्याची खरी किंमत. तिसरी, शुल्क कोण भरणार याचा ग्राहकाशी स्पष्ट करार. व्यापारी मालावर ‘भेट’ असे लिहून पार्सल सोडविण्याची पळवाट काहीजण सुचवितात. ती खोटी नोंद आहे. ती उघडकीस आली तर माल जातो आणि पतही जाते.

परंतु एवढे सारे ज्ञान शेणव्याच्या किंवा म्हसे गावच्या तरुणाने एकट्याने मिळवावे, ही अपेक्षा आम्हांस अन्यायाची वाटते. टपालखात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे उघडली, हे योग्यच झाले. आता तेथे पार्सलाच्या वजनाबरोबर मालाचा संकेतांक व त्या दिवसाचे शुल्कही मराठीत सांगणारा जाणता माणूस बसविला पाहिजे. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. या दोन खात्यांनी महिन्यातून एक दिवस एकत्र बसून विक्रेत्यांचे हिशेब तपासून द्यावेत. यास नव्या कायद्याची गरज नाही, थोड्या आस्थेची आहे.

तानसा-भातसाच्या जलाशयांतून शहापूर तालुका मुंबईची तहान भागवितो. त्या ऋणाची फेड केवळ पाणीपट्टीने होत नाही. आमच्या वाचकांपैकी अनेकांना कारकुनी, बँक व निर्यातव्यवहार यांचा अनुभव आहे, अनेकांची मुले परदेशी आहेत. त्यांनी आपल्या अनुभवाचा एखादा रविवार या दोन तालुक्यांना दिला, तर रानातील वेलीचे मोल वेल तोडणाऱ्याच्या हाती पडेल. एरवी ते परक्या नाक्यावरच अडकून राहील.