तापीकाठ : डफवाल्याला खोली

पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन खटल्यांना आणि धमक्यांना कंटाळून २००६ मध्ये देशाबाहेर गेले. २०१० मध्ये कतारचे नागरिक झाले, २०११ मध्ये लंडनला वारले. त्यांच्याकडे नाव होतं, पैसा होता. कुठंही गेले तरी दार उघडणारं कुणीतरी होतं. आपल्या खान्देशातल्या एखाद्या वहीगायकाला, डफावर गाणाऱ्या लोककलावंताला, गावकीने वाळीत टाकलं, तर त्याने डफ काखोटीला मारून जायचं कुठं?

नॉर्वेतल्या स्टाव्हँगरहून, छळ सोसून आलेल्यांना आसरा देणारं ‘आयकॉर्न’ नावाचं शहरांचं जाळं चालतं. सुरुवात लेखकांपासून झाली, पुढे गायक-चित्रकारही आले. शहर राहायला घर देतं, खर्चाला पैसे देतं, बहुधा दोन वर्षं. शिवाय बँकेत, दवाखान्यात, पोलीस कचेरीत पाहुण्याबरोबर हिंडायला एक माणूस नेमलेला असतो. मला कौतुक त्या माणसाचं. घर काय, कुणीही देईल.

हे श्रीमंत देशांचे चोचले म्हणणाऱ्याने अमळनेरला एक चक्कर मारावी. प्रताप शेठजींनी १९१६ साली तिथं तत्त्वज्ञान मंदिर काढलं. गिरणीवाल्याच्या पैशावर दूरदूरचे अभ्यासक येऊन राहायचे, वाचायचे, वाद घालायचे. साने गुरुजी आधी तिथंच आले, शाळेत मास्तर झाले ते नंतर. छळ सोसून आलेल्यांसाठी ती जागा नव्हती, कबूल. पण हाताला लागेल असं काहीही न करणाऱ्या माणसाला पोसावं, हे सुचलं खान्देशातल्या शेठजीला!

लिहिणाऱ्याला खोली मिळाल्याचं धुळ्याचं उदाहरण जरा अडचणीचं. १९३२ मध्ये तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. त्याचं पुस्तक झालं. आपण हे अभिमानाने सांगतो, खोलीला कुलूप बाहेरून होतं तेवढं गाळतो.

सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला, चांगलं केलं. त्यात बहिष्कार टाकणाऱ्याला शिक्षा आहे. निकाल लागेपर्यंत तक्रारदाराने पथारी कुठं टाकायची? जळगाव आणि धुळे, दोन्ही महापालिकांनी एकेक घर बाजूला काढावं. परदेशी पाहुणा, व्हिसा, दिल्लीची परवानगी हे सगळं पुढचं. आधी आपल्याच जिल्ह्यातला माणूस ठेवून बघा. आणि घर देताना त्याने शहरावर एक गाणं करावं, महापौरांच्या कार्यक्रमात म्हणावं, असली अट नको.

मागे एका कलावंतासाठी जळगावात खोली शोधत हिंडलो. तिसऱ्या घरच्या मावशींनी आधी दोन महिन्यांची अनामत मागितली. मग डफाकडे बघून म्हणाल्या, “भाऊ, रात्री दहानंतर वाजवायचं नाही.” कोण, कुठला, गाव का सोडलं, काही विचारलं नाही. किल्ली दिली आणि पाण्याची वेळ सांगितली.

– तापीकर