कागद आधी, केबिन नंतर

एप्रिलच्या अखेरीस अलास्काचा क्रूझ हंगाम उघडतो. एकेकाळी आपल्याकडच्या एजंटांना त्याचे सोयरसुतक नव्हते. आता सिएटल, बे एरिया, न्यू जर्सी इथे स्थिरावलेल्या मुलांकडे उन्हाळ्यात जाणारे आईवडील विमानाची तिकिटे पुण्या-नाशिकच्या एजंटाकडेच काढतात, आणि "एवढे जातोच आहोत तर अलास्काही करून येऊ" हेही त्याच टेबलावर ठरते. मग केबिन बाल्कनीची घ्यायची की आतली, जैन जेवण मिळेल का, यावर तासभर खल होतो. व्हिसाची चौकशी मात्र एका वाक्यात उरकते: "काका, अमेरिकेचा दहा वर्षांचा आहे ना? मग झालं."

झालेले नसते. सिएटलहून सुटणारी जहाजे जूनो, स्कॅगवे, केचिकन अशी अलास्कातली बंदरे करतात आणि वाटेत एकदा कॅनडात, बहुतेक वेळा व्हिक्टोरियाला, लागतात. हा थांबा केवळ पर्यटकांच्या हौसेचा नाही. अमेरिकेच्या १८८६ सालच्या प्रवासी जहाज कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला फक्त अमेरिकी बंदरांच्या फेऱ्या करून प्रवासी फिरवता येत नाहीत; मध्ये एक तरी परदेशी बंदर घ्यावे लागते. मोठी क्रूझ जहाजे जवळजवळ सगळीच बहामा, पनामा, माल्टा अशा देशांत नोंदलेली असतात. म्हणून व्हिक्टोरिया. हा नियम किती पक्का आहे ते २०२१ मध्ये दिसले. करोनामुळे कॅनडाने आपली बंदरे क्रूझना बंद केली, तेव्हा अलास्काचा हंगाम वाचवायला अमेरिकी संसदेला वेगळा तात्पुरता कायदा करावा लागला.

त्या काही तासांच्या थांब्यासाठी भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा व्हिसा लागतो. "आम्ही खाली उतरणारच नाही, जहाजातच बसू" हे उत्तर कामाला येत नाही. सिएटलच्या धक्क्यावर कंपनीचा कर्मचारी पासपोर्ट उघडून व्हिसा शोधतो. तो नसला तर प्रवासी सामानासकट मागे राहतो आणि जहाज ठरल्या वेळी सुटते. कॅनडाचा व्हिसा आयत्या वेळी उभा राहत नाही. बायोमेट्रिक्स द्यावे लागतात, निर्णयाला आठवडे जातात. अमेरिकेला पोहोचल्यावर बघू म्हणणाऱ्या ग्राहकाला हे निघण्याच्या दोन-तीन महिने आधी सांगणे हे आपले काम आहे.

अशाच एका कुटुंबाकडे जरा जवळून पाहू, कारण अशा फाइली दरवर्षी येतात. आजी-आजोबा भारतीय पासपोर्टवर, अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर. मुलगा एच-वन-बीवर. सून ग्रीन कार्डधारक. नातू तिथेच जन्मलेला, अमेरिकी नागरिक. जहाज एक, बुकिंग एक, आणि कागदांचे नियम चार तऱ्हेचे. आजी-आजोबांना कॅनडाचा व्हिसा हवा. मुलगा तिथे कितीही वर्षे नोकरी करत असला तरी त्यालाही तो हवा. सुनेला कॅनडाचा व्हिसा नको, पण वैध भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्ही हातात हवे. नुसत्या कार्डावर भागत नाही. नातवाचे सगळ्यात सोपे. जहाज ज्या अमेरिकी बंदरातून सुटते तिथेच परत येणार असेल, तर अमेरिकी नागरिकांना पासपोर्टशिवाय जन्मदाखला आणि सरकारी फोटो ओळखपत्रावर प्रवास करता येतो, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना तर जन्मदाखला पुरतो. २००९ च्या जूनपासून जमीन आणि समुद्रमार्गाच्या प्रवासाला लागू झालेल्या नियमांतच ही सवलत आहे. तरीही नातवाचा पासपोर्ट घेऊनच जा असे आपण सांगावे. वाटेत कुणी आजारी पडले किंवा जहाज चुकले, तर परदेशी बंदरातून विमानाने घरी परतायला जन्मदाखला चालत नाही.

मुलाच्या बाबतीत आणखी एक मेख आहे, आणि तिच्यात चांगले अनुभवी एजंटही अडकतात. अमेरिकेत अनेकांच्या पासपोर्टवरचा एच-वन-बीचा शिक्का संपलेला असतो. नोकरीची मंजुरी आणि आय-९४ मात्र चालू असते. अशा माणसाला कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन यायचे असेल, तर जुन्या शिक्क्यावर परत घेण्याची तरतूद अमेरिकी नियमांत आहे. ही सवलत मित्राकडून ऐकून तो मायामीहून बहामाची क्रूझ मागतो. बहामा हा लागून असलेला देश नाही. जवळच्या बेटांसाठीची सवलत एफ आणि जे व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना आहे, एच-वन-बीला नाही. म्हणजे विद्यापीठात शिकणारी धाकटी बहीण त्याच जहाजाने परत येऊ शकते आणि नोकरदार भाऊ अडकतो. म्हणून अशा ग्राहकाला "व्हिसा आहे का" एवढे विचारून थांबू नका. पासपोर्टवरच्या शिक्क्याची तारीख मागून घ्या.

युरोपात घोटाळा वेगळ्या ठिकाणी होतो. पिरेयसहून ग्रीक बेटांची क्रूझ घेतली, की मिकोनोस, पात्मोस, ऱ्होड्स, सांतोरिनी ही नावे ग्राहकाच्या डोळ्यांत भरतात. मधले कुशादासी नजरेतून सुटते. कुशादासी तुर्कस्तानात आहे. जहाज तिकडे वळले की प्रवासी शेंगेन क्षेत्राबाहेर गेला, आणि पुढच्या ग्रीक बेटावर त्याचा दुसरा प्रवेश होतो. हातात सिंगल एन्ट्री व्हिसा असेल तर तो तिथेच संपला. कंपनीला हे ठाऊक असते, म्हणून ती त्याला पिरेयसलाच चढू देत नाही. कोटोरला थांबणाऱ्या एड्रियाटिकच्या क्रूझचीही हीच गत, कारण मॉन्टेनेग्रो शेंगेनमध्ये नाही. डुब्रोव्हनिकचा प्रश्न मात्र सुटला आहे. क्रोएशिया २०२३ च्या जानेवारीत शेंगेनमध्ये आला. जुनी टिपणे काढून काम करणाऱ्यांनी ती एकदा तपासावीत. साउदम्प्टनहून नॉर्वेचे फ्योर्ड करणाऱ्याला ब्रिटनचा आणि शेंगेनचा असे दोन्ही व्हिसा लागतात, हे बहुतेकांना माहीत असते. पण उत्तरेला स्वालबार्डपर्यंत जाणाऱ्या जहाजाचे काय? स्वालबार्ड नॉर्वेच्या ताब्यात असूनही शेंगेनबाहेर आहे. तिथे उतरायला व्हिसा लागत नाही, पण नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून जाऊन परत यायला निदान दोन प्रवेशांचा व्हिसा हवा. ध्रुवीय अस्वलांच्या ओढीने हा मार्ग मागणारे ग्राहक आता आपल्याकडेही आहेत.

शेंगेनचा अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, यातही क्रूझची फाइल वेगळी असते. ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्याच्याकडे अर्ज. मुक्काम सारखे असतील तर पहिला प्रवेश जिथे, त्याच्याकडे. क्रूझवर बंदरे रोज बदलतात, म्हणून अर्जासोबत कंपनीचा दिवसवार मार्ग जोडायचा आणि मल्टिपल एन्ट्री का हवी ते त्यावर बंदराचे नाव घेऊन लिहायचे. बाहेरचे बंदर कोणते हे सांगितले नाही, तर सिंगल एन्ट्री आल्यावर वकिलातीला दोष देता येणार नाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. २०२५ च्या ऑक्टोबरपासून युरोपने पासपोर्टवर शिक्के मारण्याऐवजी प्रवेश आणि निर्गमनाची संगणकीय नोंद सुरू केली आहे. १८० दिवसांत ९० दिवसांचा हिशेब आता बोटांवर मोजत बसायला नको, आणि त्यात गफलत झाली तर ती लपणारही नाही.

आपले ग्राहक पुष्कळदा विचारतात, "बंदरावर काही ओळख काढता येत नाही का?" येत नाही, आणि त्याचे कारण त्यांना समजावून सांगावे. अपुऱ्या कागदांचा माणूस आणणाऱ्या वाहतूक कंपनीलाच दंड होतो. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशानुसार सदस्य देशांनी माणशी कमाल दंड ५,००० युरोंहून कमी किंवा किमान दंड ३,००० युरोंहून कमी ठेवायचा नाही. शिवाय त्या माणसाला परत नेण्याचा खर्च कंपनीच्याच माथी. त्यामुळे चेक-इनच्या काउंटरवरचा तरुण देशाच्या नियमापेक्षाही कडक असतो. एखादा देश क्रूझ प्रवाशांना काही तासांसाठी व्हिसाशिवाय उतरू देत असला, तरी कंपनी व्हिसा मागू शकते, आणि शेवटचा शब्द तिचाच. दूतावासाचे संकेतस्थळ आणि कंपनीची अट, दोन्ही वाचल्याशिवाय ग्राहकाला होकार देऊ नये.

नावांचा घोळ हा आपला खास मराठी विषय. समजा पासपोर्ट लग्नाआधीचा, सुनीता विनायक जोशी. बुकिंग करताना यजमानांनी सांगितले सुनीता रमेश कुलकर्णी. आधार कार्डावर तिसरेच काही. घरात हे कुणाला खटकत नाही, कारण सगळे तिला ओळखतात. जहाजाच्या प्रवासी यादीला मात्र पासपोर्टवरचे अक्षरन् अक्षर लागते. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आपल्याकडे पहिल्या नावाच्याच रकान्यात जाते. ते तिथून उचलून आडनावाच्या रकान्यात टाकले, की बुकिंग चुकले. लक्ष्मीचे इंग्रजी स्पेलिंग एक्स घालून की केएस, हेही पासपोर्ट पाहूनच लिहायचे. आडनाव नसलेल्या, एकच नाव असलेल्या पासपोर्टांची तर आणखी काळजी घ्यावी. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये असे पर्यटक न स्वीकारण्याची सूचना काढली होती, आणि पासपोर्टवर वडिलांचे नाव असेल तर चालेल हा खुलासा मागाहून आला. दुबईहून निघणाऱ्या क्रूझ विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. दुबईहून निघून ओमान किंवा कतार करून परतणाऱ्या जहाजासाठी अमिरातीतला दुसरा प्रवेशही व्हिसात बसला पाहिजे, हेही त्यासोबतच आले. नाव फोनवर ऐकून लिहू नका, पासपोर्टची स्कॅन प्रत समोर ठेवून लिहा. आणि मुदत बघा: परतीच्या तारखेनंतर सहा महिने शिल्लक नसतील, तर आधी नूतनीकरण, मग क्रूझ.

देशांतर्गत क्रूझकडे आपण हलक्याने पाहतो. मुंबई-गोवा म्हटले की आधार कार्ड, विषय संपला. भारतीय नागरिकांपुरते ते खरे आहे. पण मार्ग लक्षद्वीपला गेला की भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. १९६७ च्या नियमांपासून ही अट आहे. कंपनी तो काढून देते खरा, पण त्यासाठी कागद मुदतीत पोचवायचे आपण. मे महिन्यात किंवा नाताळात अमेरिकेहून आलेली नातवंडे सोबत असतील तर जास्तच जपा. ओसीआय कार्ड असले तरी ती परदेशी नागरिक आहेत, आणि २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रतिबंधित क्षेत्रात जायला ओसीआयधारकांना खास परवानगी लागते. जहाज तेच राहून मार्ग बदलला तरी कागद बदलतात. २०२३ च्या जूनमध्ये कॉर्डेलियाचे एम्प्रेस चेन्नईहून श्रीलंकेतल्या हंबनटोटाला गेले, तेव्हा मुंबई-गोव्याला आधार कार्डावर फिरणाऱ्या प्रवाशांना त्याच जहाजासाठी पासपोर्ट काढावा लागला.

आता आपल्या जबाबदारीविषयी. आपल्या प्रत्येक व्हाउचरवर खाली बारीक अक्षरांत छापलेले असते की व्हिसा आणि कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची. मला हे वाक्य पटत नाही. ज्या ग्राहकाला व्हिक्टोरिया कुठल्या देशात आहे ते माहीत नाही, तो आपल्याकडे येतो ते आपल्याला ते माहीत असावे म्हणून. त्याच माहितीचे आपण पैसे घेतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील त्रुटीची व्याख्या चांगली रुंद आहे, आणि ते बारीक वाक्य आपल्याला दरवेळी वाचवील या भरवशावर राहू नये. पण ग्राहक आयोगाची भीती बाजूला ठेवली तरी मुद्दा उरतोच. सुटण्याची तारीख जवळ आल्यावर क्रूझचे पैसे परत मिळत नाहीत, आणि कागद अपुरे म्हणून चढू दिले नाही तर प्रवास विमाही सहसा भरपाई देत नाही. निवृत्तीच्या पैशातून केलेली सहल अशी बुडते, मुलाने वर्षभर आधी काढलेली रजा वाया जाते, आणि म्हातारी माणसे परक्या गावच्या धक्क्यावर सुटकेसवर बसून राहतात.

म्हणून ॲडव्हान्स घेण्यापूर्वी मार्गाचा कागद समोर ठेवून प्रत्येक बंदरापुढे प्रत्येक प्रवाशासाठी काय लागते ते लिहावे. तो कागद ग्राहकाला वाचून दाखवावा, त्याची सही घ्यावी आणि एक प्रत त्याला द्यावी. याला अर्धा-पाऊण तास लागतो. तो वेळ फुकट देऊ नये. कागद तपासणीचे वेगळे शुल्क लावावे आणि बिलात तसे स्पष्ट लिहावे. ग्राहक घासाघीस करेल, शेजारचा एजंट हे फुकट करतो म्हणेल. करू द्यावे. एखाद्या मार्गाचे व्हिसे वेळेत होणार नाहीत हे दिसत असेल, तर ते बुकिंग घेऊ नये आणि दुसरा मार्ग सुचवावा. सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझ अशा वेळी उपयोगी पडतात. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी दिल्यापासून तिकडची कागदांची जुळवाजुळव पुष्कळ हलकी झाली आहे. सिंगापूरचा व्हिसा परतीच्या प्रवेशालाही चालणारा आहे ना, एवढे मात्र तिथेही पाहून घ्यावे.